मालतीबाईंची किटली

तिघी स्त्रिया वीस वर्षे दर मंगळवारी दुपारी चार वाजता एकत्र बसल्या, तर किस्से साठणारच. चहाच्या डब्याच्या तळाशी भुकटी साठते, तसे ते नकळत साठतात. आमचे सगळे किस्से मात्र एकाच वस्तूभोवती साठले. ती वस्तू म्हणजे गंगापूर रोडवरील आमच्या सोसायटीतील मालतीबाईंची चिनी मातीची किटली.

किटली त्यांच्या आजेसासऱ्यांच्या वेळची. पांढऱ्याशुभ्र पोटावर हाताने रंगवलेले दोन निळे पक्षी. ती टेबलाच्या मध्यभागी असे. चहा मात्र थर्मासमधून येई. "किटली बघायची असते," मालतीबाई म्हणत. मी जुनी मॅट्रिक. वस्तू ज्या कामासाठी घडवली त्या कामी ती यावी, असे माझे मत. त्या किटलीतून एक कप चहा प्यावा, एवढीच माझी इच्छा होती. वीस वर्षे होती.

*

पक्षी कोणते, यावर एकमत झाले नाही. मालतीबाई त्यांना राजहंस म्हणत. आमच्यातील तिसऱ्या, कळवणच्या सिंधूताई म्हणाल्या, "राजहंस कसले, पारवे हायेत हे. आमच्या विहिरीत लय."

शेवटी वरच्या मजल्यावरून प्राणिशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापकांना बोलावले. त्यांनी भिंगातून अर्धा तास निरीक्षण केले आणि गंभीरपणे सांगितले, "पंखांची ठेवण पाहता हे पक्षी उडू शकणार नाहीत."

"उडू नयेत म्हणूनच भट्टीत भाजलेत," मालतीबाई म्हणाल्या.

*

सोसायटीतील मांजर गॅलरीत आले की मालतीबाई किटलीला लोकरीची टोपी घालत.

"अहो, मांजराला चित्र कळत नाही," मी म्हटले.

"त्याला नाही कळत. पण पक्ष्यांना मांजर कळतं ना."

*

एकदा त्या दोन दिवस त्र्यंबकेश्वरी गेल्या आणि किटली माझ्याकडे ठेवून गेल्या. सोबत चिठ्ठी होती: 'पक्ष्यांची तोंडे पूर्वेस असावीत. बातम्या मोठ्याने लावू नयेत.'

चहाचा उल्लेख नव्हता. जे लिहिलेले नाही त्यास मनाई नाही, असा मी अर्थ लावला. आधण ठेवले, पत्ती मोजून घेतली आणि किटलीचे झाकण उचलले, तोच फोन वाजला.

"विमलताई, झाकण खाली ठेवा."

मी ठेवले.

*

गेल्या पौषात मालतीबाई गेल्या. किटली त्यांनी माझ्यासाठी ठेवली होती. या वेळी चिठ्ठी नव्हती. दहाव्याच्या दिवशी सकाळी निघण्यापूर्वी मी नवी चहापत्ती आणून ओट्यावर ठेवली.

गोदाकाठी पिंड ठेवला. कावळे भिंतीवर बसून राहिले. एकही पिंडाला शिवेना. गुरुजी म्हणाले, "त्यांच्या मनात काही राहिलं असेल तर बोला."

मुलाने हात जोडले. "आई, फ्लॅट विकणार नाही." कावळे हलले नाहीत.

सून म्हणाली, "आई, तुमच्या पद्धतीचं लोणचं दरवर्षी घालीन." एक कावळा उडाला आणि आणखी लांब जाऊन बसला.

ऊन चढले. सिंधूताईंनी मला कोपराने ढोसले. "बोला की आता, विमलताई. माणसं उपाशी हायेत."

मी पदर सावरून पुढे झाले. ओट्यावरची पत्ती डोळ्यांपुढून हलेना.

"मालतीबाई," मी म्हटले, "किटलीत चहा होणार नाही."

दोन कावळे एकदमच उतरले, पिंडाला शिवले आणि पूर्वेस तोंडे करून बसले.