सुभेदारांची सिगारची पेटी

लाकडी पेटी खाटेवर उघडी होती. आत सिगार ओळीनं मांडलेले, वर पातळ कागद. सुभेदार घाडगे दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे होते आणि माझ्याकडे न बघता समोरच्या भिंतीकडे बघत होते. परेडवर उभं राहावं तसे.

"सुभेदार, हे सिगार तुम्ही विकले का?" मी विचारलं.

"आवं सायेब, इकायला मी वाणी हाय व्हय?"

एवढं बोलून ते पुन्हा भिंतीकडे बघू लागले.

दुसऱ्या महायुद्धाची लढाई संपून फार दिवस झाले नव्हते. मी तेव्हा सातारला तंबाखूच्या एक्साइज खात्यात इन्स्पेक्टर होतो. आधी मुंबईला कस्टम्समध्ये होतो, बोटीवरून उतरणाऱ्या उतारूंचं सामान तपासायच्या कामावर. दोन्ही कामांतला फरक सांगतो. बाहेरदेशातून आलेल्या मालावर घेतात ती कस्टम्स ड्यूटी. इथंच पिकलेल्या नाही तर तयार झालेल्या मालावर घेतात ती एक्साइज. तंबाखूवरची एक्साइज लढाईतच सुरू झाली होती आणि लोकांना ती अजून पचली नव्हती. त्यात सातारा जिल्ह्यात त्या वर्षांत चळवळीतल्या धरपकडीमुळे सरकारी टोपीवाला दिसला की लोक दाराआड होत. अशा दिवसांत मी वडूजच्या पुढच्या एका गावात, एका इभ्रतदार माणसाच्या सोप्यात बसून त्याला चोर आहेस का म्हणून विचारत होतो.

झालं होतं असं. साताऱ्यात एका पानवाल्याकडे विलायती सिगार मिळू लागले. सोनेरी पट्टीचे. वकील, डॉक्टर मंडळी संध्याकाळी ते ओढत बसायची. कुणी विचारलं की पानवाला सांगे, "सुभेदार घाडग्यांनी इटलीवरनं आणलेत." ही बातमी आमचे सुपरिंटेंडेंट कर्णिकसाहेब यांच्या कानावर गेली. त्यांनी एक सिगार विकत आणवला आणि माझ्या टेबलावर ठेवला.

"सबनीस, तुम्ही कस्टम्समधले. हे काय आहे?"

"सिगार दिसतो, साहेब."

"चुकवलेली ड्यूटी आहे ती. बोटीवरून पेट्याच्या पेट्या आणल्यात त्या माणसानं. जा, माल जप्त करा आणि मला शनिवारपर्यंत रिपोर्ट द्या. एक प्रत मिलिटरीला जाईल, एक कलेक्टरला."

कलेक्टरला कशासाठी, ते मला ठाऊक होतं. लढाईतल्या कामगिरीबद्दल सुभेदारांना सरकारकडून जमीन मिळायची होती. कागद कलेक्टर कचेरीत होते. आमचा रिपोर्ट तिथं पोचला असता तर जमीन गेलीच असती, आणि पेन्शनलाही धक्का बसला असता.

म्हणून मी जप्तीचं नाव न काढता आधी विचारपूस करत होतो.

"मुंबईला कस्टम्सनी तुमची ट्रंक बघितली होती का?"

आता मात्र सुभेदार वळले. "बघितली न्हाई, म्याच दावली. बोटीवरनं उतरलो तवा लाइन लावली आमची. बरूबरची पोरं म्हनली, सुभेदारसाब, पेटी वळकटीत घाला, कोन बघतंय. म्या म्हनलं, आमच्या पलटनीच्या कॅप्टनसायबानं चारचौघांत हातात दिलीया. मी ती वळकटीत का लपवू? तिथल्या सायबाला सोताहून सांगितलं, एक पेटी सिगार हाय. त्यो म्हनला, तुमच्या वापरासाठी? म्या म्हनलं व्हय. त्यानं खडूनं फुली मारली ट्रंकेवर आन् म्हनला, जावा."

हे खरं वाटत होतं. उतारूनं स्वतःच्या वापरापुरता थोडा तंबाखू आणला तर त्यावर ड्यूटी लागत नसे. एक पेटी त्यात बसे. आणि सामान पास झालं की आम्ही त्यावर खडूची फुलीच मारत असू. मी स्वतः अशा हजारो फुल्या मारल्या होत्या. पावती वगैरे काही नाही.

"ट्रंक दाखवा."

ट्रंक आणली. काळी, चकचकीत. फुली कुठंच नाही. सुभेदारांनी आतल्या दाराकडे बघितलं. तिथं त्यांच्या मंडळी हौसाबाई उभ्या होत्या. त्या घाबरून म्हणाल्या, "लय धूळ बसली हुती. म्या वल्या फडक्यानं पुसली. त्येच्यावर सरकारचं काय हाय ते मला कुटं ठावं?"

सुभेदार बायकोवर चिडले नाहीत, हे माझ्या लक्षात राहिलं. "तुजा काय दोस गं," एवढंच म्हणाले.

पेटीत काही सिगार कमी होते. मी ते कुणाला दिले, असं विचारलं.

"मी धा मुलूख फिरत हुतो तवा ज्यांनी माज्या घराकडं बघितलं, त्येंना एकेक दिला. मी सोता वढत न्हाई. कॅप्टनसायेब तिकडं इटलीत बोटीच्या धक्क्यावर निरोप द्याला आलं. त्येंचा एक पाय गेला हुता, कुबडीवर आलं. म्हनलं, घाडगे, घरी पोचलास की तुज्या मानसांबरूबर वढ. म्हनून वाटलं."

"कुणाकुणाला?"

"त्ये न्हाई सांगायचं. भेट दिलेल्या वस्तूपायी त्येंच्या दारात सरकार धाडू व्हय? मला काय करायचं ते करा."

मी पुन्हा पुन्हा विचारलं, पण त्यांनी एकही नाव सांगितलं नाही. मी त्यांच्याकडे तपासणीसाठी एक सिगार मागितला. त्यांनी तो पेटीतून काढून, फडक्यात गुंडाळून दिला. हौसाबाईंनी चहा केला होता, तो मी घेतला. नको म्हणायचा धीर झाला नाही.

सातारला येऊन मी दोन्ही सिगार टेबलावर शेजारी ठेवले. वरून सारखेच. मग मी धारदार चाकूनं दोन्ही उभे चिरले.

सिगारमध्ये दोन गोष्टी बघायच्या असतात. आतला भरणा आणि बाहेरून गुंडाळलेलं पान. सुभेदारांच्या सिगारमध्ये भरणा लांब पानांचा होता. अख्खी पानं घडी घालून बसवलेली, टोकापासून टोकापर्यंत. पानवाल्याच्या सिगारमध्ये सगळा चुरा. चुरा नाकाशी धरला आणि मला हसूच आलं. तो वास मी रोज वखारींतून घेत होतो. कृष्णाकाठच्या काळ्या रानातला, विडीत घालतात तो जर्दा. वरचं पान चिकटवायला गव्हाच्या पिठाची खळ वापरली होती. ती वाळून पांढरी झाली होती. पतंगाला लावतो तशी.

मग पट्टी बघितली. सुभेदारांच्या पट्टीवर इंग्रजीसारखी अक्षरं नीट छापलेली होती. दुसऱ्या पट्टीवर त्यातलं एक अक्षर उलटं होतं. ते अक्षर कधी न वाचलेल्या माणसानं नुसतं बघून जुळवलं होतं.

म्हणजे हा माल बोटीवरून आलाच नव्हता. तो इथलाच होता.

माझ्या मनावरचं ओझं जरा हललं, पण उतरलं नाही. साहेबांना नुसता वास सांगून भागणार नव्हतं. सिगार करणारा माणूस हवा होता. पानवाल्याला बोलावलं. तो आधी गुळमुळीत बोलला, मग म्हणाला, "माल तासगावातनं येतो. भूपालअण्णांच्या वखारीतनं. विलायती म्हणून मीच सांगितलं साहेब. सुभेदार नुकते आले होते, लोकांना पटतं."

तासगाव तेव्हा आमच्याच जिल्ह्यात होतं. सकाळच्या गाडीनं भिलवडीला उतरलो आणि तिथून टांगा केला. भूपालअण्णा हे जैन व्यापारी, वय साठीचं, कपाळाला गंध, अंगात पांढरी बंडी. वखारीत बायका विड्या वळत होत्या. एका कोपऱ्यात दोन माणसं पाटावर सिगार वळत बसली होती. काही लपवाछपवी नव्हती. मला वाटलं होतं, मला बघून धावपळ होईल. अण्णांनी बसायला घोंगडं टाकलं.

"अण्णा, हे सिगार तुमचे?"

"होय की. माझेच. बरे झालेत नव्हं? तो कोपऱ्यातला माणूस त्रिचनापल्लीला सिगारच्या कारखान्यात होता. त्याला आणलं. पानावरची तुमची ड्यूटी भरलीय, परवाना भिंतीला हाय बघा."

खरंच भिंतीला होता. मी तिथंच सगळं ताडून बघितलं. माल चोख होता.

"आणि ही पट्टी?"

अण्णा खुलले. "सुभेदार घाडग्यांनी मला एक सिगार दिला. लढाईत त्यांच्या घरी धान्य पोचवत होतो, त्याची आठवण ठेवली माणसानं. पण मी तर तोंडाला लावत न्हाई, साहेब. मग काय, बसलो आणि पान न् पान उलगडून बघितलं, आत काय असतंय ते. तवा हे सुचलं. पट्टी लय देखणी होती. सांगलीला छापखान्यात नेली आणि तशीच करून घेतली. बिनपट्टीचा सिगार उघडा दिसतो की हो, टोपी न घातल्यासारखा."

"अण्णा," मी म्हणालो, "या पट्टीपायी सुभेदारांवर केस होणार आहे. लोक म्हणतात हा चोरून आणलेला विलायती माल आहे. त्यांची जमीन जाईल. आणि त्यांनी तुमचं नाव मला सांगितलं नाही. विचारून विचारून दमलो."

अण्णांचा चेहरा पार उतरला. ते काही वेळ पाटावरच्या सिगारांकडे बघत राहिले. मग उठले, बंडीवर कोट चढवला, डोक्याला फेटा गुंडाळला.

"कुठं निघालात?"

"तुमच्या साहेबांकडं. चला. पहिली गाडी कवा हाय?"

मी म्हणालो, मी जबाब लिहून घेतो, तुम्हाला यायची गरज नाही. त्यांनी ऐकलं नाही. "माणूस माझ्यापायी गप बसला. मी इथं बसून सही करू?" वाटेत गाडीत ते एकदाच बोलले. "जमीन वाचंल नव्हं?"

मी म्हणालो, "बघू." कर्णिकसाहेबांचा स्वभाव मला माहीत होता.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मी दोन्ही चिरलेले सिगार पुढे ठेवले, चुरा दाखवला, खळ दाखवली, उलटं अक्षर दाखवलं. अण्णांनी भिंतीवरून काढून आणलेला परवाना आणि बरोबरचे चार सिगार पुढे ठेवले. साहेबांनी चिरलेले सिगार उलटसुलट करून बघितले. खात्याची पहिली मोठी केस हातातून चालली होती.

"म्हणजे कस्टम्सची केस नाही?"

"नाही, साहेब. समुद्रच ओलांडलेला नाही मालानं."

"एक्साइजची?"

"ड्यूटी भरलेली आहे."

"हं." त्यांनी अण्णांच्या सिगारांपैकी एक अख्खा उचलला, पेटवला, झुरका घेतला. पुढच्या क्षणाला ते असे खोकले की बाहेरचा शिपाई पाणी घेऊन आत आला. डोळे पुसत साहेब म्हणाले, "सबनीस, गेले पंधरा दिवस क्लबात मी हाच ओढतोय. आणि विलायती म्हणून वाखाणतोय."

अण्णा अजिजीनं म्हणाले, "साहेब, पट्टी काढून टाकतो सगळ्या मालाची."

"काढाच. दुसऱ्याच्या नावाची पट्टी लावणं चूक आहे ते आहेच. आणि त्या पानवाल्याला म्हणावं, इथून पुढं नुसता सिगार म्हणून वीक." मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. "रिपोर्टमध्ये लिहा, चौकशीत तथ्य आढळलं नाही. कलेक्टरकडे काही पाठवायचं कारण नाही."

दारातून बाहेर आल्यावर अण्णा व्हरांड्यातल्या बाकावर मटकन बसले. फेटा काढून त्यांनी मांडीवर ठेवला. मीही शेजारी बसलो.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं मोटारीनं वडूजला गेलो आणि तिथून पायी गावात. सुभेदार रानात होते. आम्हाला एकत्र येताना बघून ते बांधावर थांबले. त्यांना वाटलं, अण्णांना पकडूनच आणलंय.

"सायेब, म्या न्हाई त्येंचं नाव घेतलं. ह्येंना सोडा."

मी सांगितलं सगळं. सिगार कुठं वळले, पट्टी कुठं छापली, साहेब कसे खोकले. सुभेदार ऐकत गेले. आधी कपाळाला आठ्या, मग मिशा हलायला लागल्या.

"अण्णा," ते म्हणाले, "म्हंजी तुमी तासगावात बसून इटली इकत हुता व्हय?"

"चुकलं सुभेदार."

"चुकलं काय? मला आदी सांगाचं रं गड्या. मी आनखी एक पेटी आनली असती बघायला." आणि ते असे हसले की शेजारच्या रानातली माणसं थांबून बघायला लागली. हौसाबाई तिसऱ्या प्रहरी भाकरी घेऊन येत होत्या. सुभेदारांनी लांबूनच हाक दिली, "कारभारनी, सुटलो!" त्या तिथंच बांधावर बसल्या आणि पदर डोळ्यांना लावला. मग उठून म्हणाल्या, भाकरी दोघांपुरतीच हाय, घरी चला.

त्या दिवशी आम्ही त्यांच्या घरी जेवलो. अण्णा सूर्यास्ताच्या आत जेवणारे, म्हणून हौसाबाईंनी गडबडीनं चूल पेटवली.

सुभेदारांना त्यांची जमीन मिळाली. अण्णांनी पट्ट्या काढल्या, आणि सिगारांचा खप बसला. तोच माल, तोच भाव, पण लोकांना आता तो उग्र लागू लागला. अण्णा पुन्हा विड्यांकडे वळले.

ओळखीतली मुलं हल्ली परदेशी जातात. येताना काय आणावं, किती आणावं, असं मला विचारतात. मी म्हातारा आता नियम विसरलो. एवढंच सांगतो: जे आणाल ते साहेबानं विचारायच्या आधी सांगा, आणि त्याच्याकडून लेखी पावती मागून घ्या. मागायला लाज वाटली तरी मागा.