कातळावरून मारलेली हाक

जायचं ठरलं होतं समुद्रावर. पण गोठ्यात जनावरं, एका रात्रीपलीकडे कुणाला बाहेर राहता येईना. म्हणून आमच्या गावाहून, आळ्याहून, आम्ही तीन जोडपी निघालो ती आंबेगावच्या डोंगरांत, धरणाच्या पाण्याकाठी तंबूंत जाऊन पडलो. मी, माझी जाऊ आणि ननंद, आणि तिघींचे नवरे. ‘पाणी ते पाणी,’ अशी ननंदेनं स्वतःची समजूत काढली.

सकाळी चहा झाल्यावर कॅम्पातली आहुप्याकडची एक मुलगी आम्हाला मागच्या कातळाशी घेऊन गेली. कातळ दोन मजली घराएवढा, धरायला खाचा भरपूर, नवख्यांसाठीच निवडलेला. तिनं आमच्या कमरेला पट्टे आवळले, दोर अडकवले. आम्ही तिघींनी चढायचं आणि खाली जिच्या तिच्या नवऱ्यानं दोर धरायचा. शिवाय प्रत्येकामागे कॅम्पातला एक माणूस दोराचं टोक धरून उभा होता, त्यामुळे भीती नाही म्हणे. मला होती. माझा दोर आमच्या ह्यांच्या हातात होता, आणि ह्यांना माझं बोलणं तिसऱ्यांदा सांगितल्यावर ऐकू जातं. कान ठणठणीत आहेत, लक्ष नसतं.

‘वर पोचलं की मागं दोरावर भार टाकून बसायचं अन् हात सोडायचे,’ मुलीनं सांगितलं. ‘पण आधी खालच्याला नाव घिऊन हाक मारायची. तीन दोर हायेत, गल्लत नको. त्यानं धरलंय म्हणल्याबिगर हात सोडायचा न्हाई.’

चढणं सोपं गेलं, हे मी माझ्याच तोंडानं सांगते. बांधावरून चालण्यात जन्म गेला की पायाला खाच बरोबर सापडते. वर पोचले, निळं पाणी दिसलं, फार बरं वाटलं. मग खाली पाहिलं आणि कातळाला घट्ट चिकटले. दोर सैल दिसत होता. हे मान वळवून ननंदेच्या नवऱ्याशी, म्हणजे दाजींशी, टोमॅटोच्या रोपांविषयी बोलत होते.

‘अहो,’ मी ओरडले. दिरांनी वर पाहिलं, दाजींनी पाहिलं, ह्यांनी सोडून सगळ्यांनी पाहिलं. तेवढ्यात शेजारून जाऊ ‘अहो’ म्हणाली, पलीकडून ननंद. खाली कुणाची मान कुणाच्या बायकोकडे, काही मेळ राहिला नाही.

‘मावशी, नाव घ्या की,’ मुलगी खालून म्हणाली.

लग्नाला सव्वीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत ह्यांचं नाव मी घेतलं ते उखाण्यातच. कचेरीत कुणी विचारलं तर कागदावर लिहून दाखवते. जाऊ माझ्याकडे बघत होती, तू आधी म्हणून. पण बोटं सुटत चालली तेव्हा लाजबीज गेली खड्ड्यात. मी नाव घेतलं. नुसतं नाव, एकेरी, पलीकडच्या काठाला ऐकू जाईल असं.

दोर तिथल्या तिथं ताठ झाला.

‘धरलंय,’ खालून आवाज आला. ‘सोड हात.’

मी सोडले. झोळीत बसल्यासारखी अलगद खाली आले आणि मला हसूच आवरेना. दाजींनी चिडवायला सुरुवात केली होती. हे मात्र खाली मान घालून दोर गुंडाळत राहिले.

दुपारी पाण्याकाठी पिठलं-भाकरी खाताना मी हळूच विचारलं, ‘राग आला का? चारचौघांत नाव घेतलं ते.’

‘राग कशाचा.’ ते भाकरी मोडत राहिले. ‘आई गेल्यापास्नं त्या नावानं कुणी हाकच मारली नाय. गावात आबा, घरात अहो. लई बरं वाटलं.’

मी त्यांच्या ताटात आणखी पिठलं वाढलं.

थोड्या वेळानं म्हणाले, ‘जेवण झाल्यावर चढ की परत.’

मी चढले. या वेळी खाली पाहिलं तर हे आधीपासूनच वर बघत उभे होते. तरी मी हाक मारली.