दार धरून ठेवणारा माणूस

अमरावतीहून बडनेऱ्याला जाणाऱ्या गाडीत तो मला दर सोमवारी दिसायचा, आणि दर सोमवारी माझं डोकं फिरवायचा. वलगावकडचा माळी, पायाशी वांग्यांची टोपली, अंगात पलटणीतला जुना खाकी कोट. गाडी सुटायची वेळ झाली की हा डब्याचं दार उघडं धरून उभा राहायचा. लांबून कोणी पळत येताना दिसलं, की गार्ड कितीही ओरडला तरी दार सोडायचा नाही.

एकदा एका म्हातारीसाठी त्याने गाडी इतकी खोळंबवली, की बडनेऱ्याला माझी अकोल्याची गाडी डोळ्यांदेखत निघून गेली. मी त्याला फलाटावरच गाठलं.

"अहो, तुमची कोण लागते ती?"

"कोनी नाही, मास्तर," तो शांतपणे म्हणाला. "लढाईच्या वक्ती आमाले विलायत दाखवाले नेलं होतं. तिथं जमिनीखाली टेशन हाये. मी गाडीत चढलो अन् दार बंद झालं. माह्या गावचा सोबती फलाटावरच राह्यला. त्याले ना तिथली बोली समजे, ना वर जायचा रस्ता ठाऊक."

माझा राग जरा उतरला. "मग? सापडला नाही?"

"सापडला ना. संध्याकाळी गोऱ्या शिपायानं आनून सोडला."

"मग एवढं काय त्याचं?" मी पुन्हा चिडलो.

"आपन सापडू, हे त्याले दिवसभर कुठं म्हाईत होतं?" असं म्हणून त्याने टोपली डोक्यावर घेतली आणि बाजाराकडे चालू लागला.

पुढची गाडी दुपारी होती. मी बाकावर चरफडत बसलो, पण कोणावर चरफडावं ते कळेना.