दोन बंदरे आणि सतरा पायऱ्या

दप्तरखान्याच्या तळघरात जुने नकाशे एकतीस वर्षे दुरुस्त करणाऱ्या बाईंनी समुद्र कधी पाहिलाच नव्हता, हे सहकाऱ्यांना त्यांच्या निरोपसमारंभात कळले आणि कुणाचा विश्वास बसेना. किनाऱ्यावरच्या दोन पुरातन बंदरांच्या गल्ल्या, विहिरी आणि गोदामे त्यांना घरातल्या कपाटाहून अधिक तोंडपाठ होती. कागद चिकटवण्याच्या खळीचा वास बोटांत मुरलेला, म्हणून सगळे त्यांना 'खळबाई' म्हणत आणि त्याही त्या हाकेला ओ देत.

निवृत्तीची भेट म्हणून मुलीने आठवड्याची सहल काढली. अट एकच, दोन बंदरांपैकी एक निवडायचे.

"किल्ल्याचं गाव. ठरलं," नवरा म्हणाला. तो व्यवसायाने शिंपी, सुई ओवतानाही निकाल देण्याची त्याला सवय. "तिथले रस्ते सपाट आहेत. दीपगृहाच्या गावात नुसते चढउतार."

"बाबा, सहल आईची आहे."

"आणि गुडघे माझे आहेत!"

बाई मात्र ताटातला घास चिवडत बसल्या होत्या. मग, कुणी काही विचारण्याआधीच, सव्वीस वर्षे मनात दडवलेली गोष्ट त्यांनी सांगितली.

त्या वर्षी दोन्ही बंदरांचे नकाशे एकाच गाठोड्यात, ओलीने कुजून आले होते. जोडणी संपली तेव्हा तळहाताएवढा एक तुकडा उरला. त्यावर पाण्यात उतरणाऱ्या सतरा पायऱ्या होत्या आणि मधोमध डावीकडे वळण. दोन्ही नकाशांना त्या आकाराची भोके होती, कडा मात्र किडीने खाल्लेल्या. नियम असा की ज्याची जागा ठरत नाही तो तुकडा पाकिटात घालून नकाशाबरोबर ठेवायचा. बाईंनी तो उजेडासमोर धरला. कागदाचे तंतू किल्ल्याच्या गावाच्या नकाशाशी जुळले, आणि त्यांनी तो तिथे चिकटवला. तीन वर्षांनी दुसऱ्या नकाशाचे अस्तर बदलताना तोही उजेडासमोर धरला गेला. त्याचेही तंतू तसेच होते! एकाच हाताने, एकाच गठ्ठ्यातले कागद घेऊन दोन्ही बंदरे काढली असतील, ही साधी शक्यता कागदावर अतोनात विश्वास असलेल्या बाईंना तेव्हा सुचलीच नव्हती. तोवर किल्ल्याच्या गावाच्या पायऱ्या पुस्तकांत छापून झाल्या होत्या. पत्राने चौकशी करता आली असती, परंतु चौकशी करणे म्हणजे कबुली देणे.

"माझ्या प्रत्येक शिवणीत खोट काढलीस," नवरा म्हणाला, "आणि हे एवढं पोटात ठेवलंस होय?"

"मग किल्ल्याच्याच गावी जाऊ," मुलगी म्हणाली. "पायऱ्या दिसल्या की तू सुटलीस."

"नाही दिसल्या तर मी म्हणेन, बुजल्या असतील, पाडल्या असतील. माझं मन फार हुशार आहे गं. दीपगृहाच्या गावी त्या दिसल्या, तर मात्र पळवाट नाही."

नवऱ्याने कपाळावर हात मारला. "म्हणजे सुट्टीतसुद्धा बाईसाहेब स्वतःला पकडायला निघाल्या! बरं, गुडघ्यांना कळवतो."

दीपगृहाच्या गावी पोहोचले त्या सकाळी भरती होती. धक्क्याला पाणी टेकले होते आणि पायरी म्हणावे असे काहीच दिसत नव्हते. बाईंच्या छातीवरचे ओझे जरा हलके झाले, आणि या हलकेपणाचीच त्यांना लाज वाटली. जाळे विणत बसलेल्या एका बाईला त्यांनी विचारले.

"पायऱ्या ना? आहेत की. पाणी उतरू द्या, दुपारी या."

दुपारी मुलगी खोलीवर झोपली होती. नवरा धक्क्यावरच्या बाकावर बसून राहिला आणि बाई एकट्याच कडेला उभ्या राहिल्या. सकाळी जी धक्क्याचीच लादी वाटली होती, ती पहिली पायरी होती. पाणी ओसरत गेले तशी दुसरी आली, मग तिसरी. नकाशावर नखाएवढ्या जागेत मावलेल्या त्या केसासारख्या रेघा! इथली एकेक पायरी खोलीएवढी रुंद होती, अखंड काळ्या खडकातून कोरलेली, असंख्य पावलांनी मधोमध खोलगट झालेली. नवव्या पायरीशी जिना डावीकडे वळला. सतरावी हातभर पाण्याखाली हलत राहिली.

बाईंनी चपला काढल्या आणि त्या वळणाच्या अलीकडच्या पायरीपर्यंत उतरल्या. कधीतरी इथे एक मोजणीदार साखळी घेऊन उतरला असेल. ओहोटी आणि भरती यांच्यामधल्या थोडक्या वेळात, पाण्याशी शर्यत लावत, त्याने ही शेवटची रेघही सोडली नव्हती. एवढा खडक, एवढे पाणी आणि त्या माणसाची एवढी चिकाटी आपल्या तळहातावर एक संध्याकाळभर राहिली होती, या जाणिवेने त्यांनी वाकून ओल्या पायरीवर तळहात टेकवला.

"आहेत का गं?" वरून हाक आली.

"सतरा."

"वळण?"

"डावीकडेच."

नवरा बाकावरून उठून कडेशी आला. मग, "आता काय करणार?"

"दप्तरखान्याला पत्र. चूक कुणाची ते नावानिशी लिहीन. खळ पाण्यानं सुटते, तुकडा हलवता येईल. छापलेल्या पुस्तकांचं मात्र काय करायचं, ते त्यांनाच विचारावं लागेल."

"वाईट वाटतंय का?"

"वाटेल. आत्ता या पायऱ्यांनीच मन भरलंय, त्याला अजून जागाच नाही."

नवरा गुडघ्यांना शिव्या घालत, भिंतीला धरून त्यांच्यापर्यंत उतरला. पाणी परत चढू लागले होते. सोळावी गेली, पंधरावी गेली.

"अगं, वर चल आता."

"थांबा हो," बाई म्हणाल्या आणि पायरीवर बसल्या. "वळणापर्यंत कसं येतं, तेवढं बघू द्या."