उजव्या खिशातल्या चाव्या

"पप्पा शुं करे छे?" पप्पा काय करतात, एवढंच तो विचारायचा. उत्तर येईपर्यंत त्याचे हात पँटच्या दोन्ही खिशांवर थांबलेले असायचे. उजव्या खिशात पाल-अडाजणच्या महागड्या फ्लॅटांच्या चाव्या, डाव्यात लिंबायत-गोडादऱ्याकडच्या कामगार वस्तीतल्या खोल्यांच्या. असा दलाल तुम्हीही पाहिला असेल. माणूस कसला, गाळणी होती.

माझी नोकरी इच्छापोरला, घर गोडादऱ्यात. जाऊन-येऊन रोजचे तीन तास. पालला भाड्याने फ्लॅट मिळाला तर त्यातले बरेच वाचणार होते. शिवाय आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या खोलीचं दार लावून बसता येणार होतं.

त्याच्या केबिनमध्ये माझ्या आधी दोघं होते. एक म्हणाला, पप्पांचं मेडिकल आहे. हात उजवीकडे. दुसरी म्हणाली, रिक्षा चालवतात. हात डावीकडे. तिचा पगार त्याने विचारलासुद्धा नाही.

"ही इज इन टेक्स्टाइल्स," मी म्हणाले. शाळेने मला एवढं नीट शिकवलं होतं. हात उजवीकडे गेला.

चौथा मजला, छोटी बाल्कनी. मला तो फ्लॅट फार आवडला. तसं दिसू दिलं नाही. "चेहरा बघूनच मी घराणं ओळखतो," तो गुजरातीत म्हणाला. नुकतंच मला विचारून झालं होतं. आणि करारावर वडिलांची सही मात्र हवीच होती.

रविवारी पप्पा इस्त्रीचा शर्ट घालून आले. फ्लॅट दाखवताना दलालाचा गुडघा कठड्यावर आपटला.

"माय वं!" तो कळवळला. इतके दिवस गुजरातीच बोलणारा हा गृहस्थ आमच्यासारखाच खानदेशी निघाला.

पप्पा खुलले. लूमच्या खडखडाटात तीस वर्षं काढलेल्या माणसाला हळू बोलता येत नाही. "अरे, तू तर आपलाच मानूस शे! मी बी लूमवर शे भाऊ, कडोदराले!"

जिन्यापर्यंत ऐकू गेलं. मी खाली रस्त्याकडे बघत राहिले.

"मालकनो फोन हतो," तो म्हणाला. "फ्लॅट अपाई गयो." फ्लॅट दिला गेला म्हणे. फोन वाजलाच नव्हता. चावी उजव्या खिशात परत गेली आणि डाव्यातून दुसरी निघाली. "गोडादरामां सरस रूम छे." छान खोली, आम्ही राहतो तिथेच.

पप्पा त्याच्या पायाकडे बघत होते. "गुडघाले जास्त लागनं का, भाऊ?"

तो ती दुसरी चावी पुढे धरून उभा राहिला. आपल्या बोलीतलं एक वाक्यसुद्धा त्याला परवडलं नाही.

दोन वर्षं झाली. त्याची केबिन बंद आहे; कुठे गेला, मी चौकशी केली नाही. माझी बस रोज पालवरून जाते. चौथ्या मजल्यावरच्या त्या बाल्कनीत अजून एक कपडाही वाळत घातलेला दिसत नाही.