बीला ठेवलेली चार रोपं

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. त्यामुळे त्या सकाळी मी परसातून ओरडत आत आले तेव्हा नवरा शांतपणे चहा पीत राहिला. त्याला वाटलं, नळाचं पाणी गेलं असेल. पाणी नव्हतं गेलं. माझी कुर्डूची रोपं गेली होती, अख्ख्या वाफ्यातली.

कुर्डू म्हणजे काही नर्सरीतलं मानाचं झाड नाही. पावसाळ्यात बांधावर, बाजरीत, कांद्याच्या रोपांत ते आपलं आपण उगवतं. गणपतीनंतर त्याला गुलाबी टोकांचे पांढरे तुरे येतात, आणि दिवाळीपर्यंत वाळून जातं. शेतकरी त्याला तण म्हणतात. असल्या तणासाठी मी एवढी का तडफडत होते, ते सांगायचं तर आधी आईबद्दल सांगायला हवं.

आई चांदवडकडच्या आमच्या गावी एकटी राहायची. वडील गेले तरी मळ्यातलं घर सोडायला तयार नव्हती. मला ना भाऊ ना बहीण. मागच्या वर्षी दिवाळीच्या आधी ती न्हाणीत पाय घसरून पडली आणि दुपारपर्यंत तशीच पडून राहिली. शेजारची काकू ताक मागायला आली म्हणून कळलं तरी. मी गेले आणि तिला सरळ नाशिकरोडला आमच्या घरी घेऊन आले. येतेस का, म्हणून विचारलंसुद्धा नाही. विचारलं असतं तर ती नाहीच म्हणाली असती.

हाड मोडलं नव्हतं, पण बाई पार मिटून गेली. पुढच्या व्हरांड्यात खुर्ची टाकून रस्त्याकडे बघत बसायची. जेवायला अर्धी पोळी, तीही माझ्या आग्रहाखातर. स्वयंपाकघरात पाऊल टाकायची नाही. तुझं घर आहे, तू कर, म्हणायची. डॉक्टर म्हणाले, सगळे रिपोर्ट चांगले आहेत, फक्त अंगात अन्न जायला हवं. ते का मला कळत नव्हतं? मी पिठलं केलं, शेंगोळे केले, खीर केली. रोज संध्याकाळी दिवा लावला की तिचं एकच वाक्य, "मला घरी सोड."

मे महिन्यात एकदा मी फार वैतागले. म्हटलं, पोळ्यापर्यंत कळ काढ, पोळा झाला की सोडते. बोलून गेले आणि लगेच जीभ चावली. ती मात्र पहिल्यांदा मान हलवून बरं म्हणाली. तेव्हापासून कॅलेंडरकडे बघितलं की मला धडकी भरायची. तिथे ती पुन्हा पडली तर? काकू काय रोज ताक मागायला येणार आहे?

बी माझ्याकडे आधीपासून होतं. दिवाळीनंतर मी गावी घर बंद करायला गेले होते, तेव्हा बांधावर वाळलेल्या कुर्डूचे तुरे उभे होते. मनात आलं, आईच्या डोळ्यांसमोर हे फुललं तर तिला जरा आपल्या घरासारखं वाटेल. दोन पिशव्या तुरे तोडले. बांधावरचा तेरडाही न्यावा म्हटलं, पण त्याच्या शेंगा केव्हाच फुटून गेल्या होत्या, मग खालच्या मातीत बसून हाताला लागल्या तेवढ्या बिया वेचल्या. काकू कमरेवर हात ठेवून हसत उभी. एवढी शिकलेली तू, आणि तण कशाला नेतीस, आम्ही जन्मभर ते उपटून दमलो, म्हणाली. मी म्हटलं, हस तू, हस.

तुरे तळहातावर चोळले की भुसा उडतो आणि काळं चकचकीत बी उरतं, राजगिऱ्याएवढं बारीक. राखेत घालून डब्यात ठेवलं. जूनमध्ये परसात दोन वाफे केले, एक कुर्डूचा, एक तेरड्याचा, माती चाळून घेतली. बी वाळूत कालवून फेकलं, म्हणजे एका जागी ढीग पडत नाही. वर माती लोटली नाही, नुसतं हाताने थापटलं. पावसाने यंदा ओढ दिली होती, म्हणून सकाळ-संध्याकाळ झारीने पाणी. चिमण्या टिपतात म्हणून वर जुनी मच्छरदाणी. नवरा म्हणाला, लोक गुलाब लावतात, तू मच्छरदाणीत तण झोपवतेस. आईला मी यातलं काहीच सांगितलं नाही. तुरे आले की हाताला धरून परसात न्यायचं, असा माझा बेत होता.

आठवड्याभरात लालसर कोंब वर आले. मग पाऊसही सुरू झाला आणि रोपं बघता बघता वीतभर झाली. मी मच्छरदाणी काढून टाकली. आणि त्यानंतर चौथ्याच दिवशी सकाळी बघते तर वाफा मोकळा. गंमत म्हणजे शेजारच्या वाफ्यातल्या तेरड्याला कुणी बोटही लावलं नव्हतं. शेळी असती तर दोन्ही वाफे साफ केले असते.

माझा संशय गेला भांडी घासायला येणाऱ्या मावशींवर. त्या पेठ तालुक्याकडच्या. आदल्या दिवशी त्यांनी परसातलं गवत काढलं होतं. आई आंघोळीला गेली होती, मी मावशींना दारातच धरलं आणि तोंड सोडलं. मावशींनी केरसुणी भिंतीला टेकवली. मग म्हणाल्या, मी नाय उपटली ताई, उपटली असती तर घरी नेली असती, आमच्याकडं भाजी करत्यात त्याची. ते ऐकून शहाणी बाई थांबली असती. मी आणखी चार शब्द बोलले आणि तणतणत ऑफिसला गेले. मावशी त्या दिवशी चहा न घेता गेल्या, हे मला नंतर कळलं.

संध्याकाळी परत आले तर दारातच लसणाच्या फोडणीचा वास. मला वाटलं शेजारून येतोय. आत गेले आणि जागच्या जागी थांबले. आई ओट्याशी उभी होती. तव्यावर बाजरीची भाकरी टम्म फुगलेली, आणि कढईत मूगडाळ घालून परतलेली हिरवी भाजी. आठ महिन्यांत जी बाई पाणी प्यायलाही आत आली नव्हती, ती पदर खोचून भाकरी थापत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "पहाटं बघितलं, परसात कुर्डू लय माजलं व्हतं. कवळं हाय तवर काढलं."

मी तोंड उघडलं होतं, ओरडायलाच. नवऱ्याने मागून डोळे मोठे केले. मी तोंड मिटलं आणि ताटं घेतली.

आईने एक भाकरी खाल्ली. मग अर्धी आणखी घेतली, वर कढईतली भाजी पुसून खाल्ली. मी ताट घेऊन मोरीकडे वळले आणि नळ सोडून रडले. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते मला त्या संध्याकाळी कळलं.

नंतर तिला सांगितलं की ते मी पेरलं होतं, मळ्यातून बी आणून. ती म्हणाली, पेरलं? कुर्डू पेरलं? आणि खोकला येईपर्यंत हसली. मग डोळे पुसून म्हणाली, "कोपऱ्यात चार ठेवलेत बीला. सगळं काढत असतात व्हय कुणी?" मी चपला न घालता बाहेर पळाले. भिंतीच्या कोपऱ्यात चार रोपं होती, प्रत्येकाला काडीचा आधार आणि सुतळीचा फास.

दुसऱ्या दिवशी मावशींना माझं चुकलं म्हणून सांगितलं. त्या म्हणाल्या, काल संध्याकाळी भांड्यांना आले तवाच आजींनी भाजीचा डबा दिला मला. म्हणजे माझ्याआधी त्यांनी भाजी चाखली होती. त्या दिवसापासून आईची खुर्ची परसाच्या दारात आली.

पण पोळा होताच. आईने मातीचे बैल आणायला लावले, पुरणपोळी केली. मी दिवसभर वाट बघत होते, आता विचारेल, मग विचारेल. तिने विचारलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी तर विषयच काढला नाही, घाबरट म्हणा हवं तर.

गणपतीनंतर चारही रोपांना तुरे आले. मी रोज जाऊन बघायची, आई म्हणायची, बघून काय मोठे होणारेत का ते. दिवाळीच्या आधी, मागच्या वर्षी ती पडली होती त्याच सुमाराला, तुरे वाळले. आईने ते तळहातावर चोळले, फुंकर घातली आणि काळं बी माझ्यापुढे धरलं.

"हे राखेत ठेव. तू पार विरळ पेरलंतंस, एका वेळची भाजी झाली. येत्या मृगाला मी पेरते."

मी हो म्हटलं आणि डबा आणायला आत गेले.