लंकाबाईच्या दुरडीतली अंडी

डिंभे धरणाच्या वरल्या अंगाला खुडूक कोंबडी बसवायची तर लंकाबाईलाच बोलावणं जायचं. तिच्या हातचं अंडं वाया जात नाही असा लौकिक होता, आणि बाईला त्याचा तोराही होता.

धरणानं तिचं घर आणि भाताची खाचरं गिळली होती. पाणी उतरलं की उघड्या पडलेल्या गाळावर ती आणि नवरा भागू पेरायचे. दोन हजार साल नुकतंच उलटलेलं. उन्हाळ्यात कुंपणाची मेख उपटताना खाली पांढरी गोल अंडी दिसली. कासवाची.

"अवं, पाणी चढलं की बुडून मरतील ही!"

"मरूंदे. आपलं घर बुडलं तवा कोन आलं व्हतं?" भागू म्हणाला.

हेच तिला झोंबलं. तिनं वरची अंडी दुरडीत घेतली. खालची घट्ट रुतलेली, ओढली तर फुटतील म्हणून माती लोटून ठेवली.

वर नव्यानं बांधलेल्या घरी भाताच्या कोंड्यात, चुलीजवळच्या उबेला तिनं दुरडी ठेवली. कोंबडी करते तसंच सकाळ-संध्याकाळ एकेक अंडं हलक्या हातानं उलथायची. आषाढ लागला, पाणी रोज वर सरकू लागलं, तरी एकही अंडं उकलेना. मागे राहिलेल्या अंड्यांच्या काळजीनं तिला घास गोड लागेना.

धरणात मासे धरणारा तिचा दीर कुशाबा एकदा दारात आला आणि ओरडलाच, "वयनी, उलथू नका! कासवाचं अंडं फिरवलं की आतलं पिल्लू मरतं. कोंबडीची हायेत व्हय ती?"

लंकाबाईनं हातातलं अंडं खाली ठेवलं. तिनं एक फोडलं. आत अर्धवट घडलेलं पिल्लू, मेलेलं. दुसऱ्यातही तेच.

ती धावत काठाला गेली. पाणी खड्ड्यापासून हातभर अंतरावर आलं होतं. माती आतून फुटली होती आणि बोटाएवढी पिल्लं सरळ पाण्याकडे निघाली होती. तिनं उचलायला हात घातला आणि मागे घेतला. पिल्लं पाण्यात शिरली, दिसेनाशी झाली. ती चिखलात बसून हमसून हमसून रडली. ज्या पाण्याला ती वैरी म्हणत आली, तेच त्यांचं घर होतं, आणि तिनं निम्म्यांना तिथपर्यंत पोचू दिलं नव्हतं.

पुढल्या हिवाळ्यात तिनं अंडी निघाली तेवढा काठाचा तुकडा पेरलाच नाही. भागू चिडला.

"पडीक का टाकलीस ग?"

"पडीक न्हाई," ती म्हणाली. "तितं फकस्त माझा हात नको."